पाय लागला

दत्तोबा पाण्यावर तरंगत होता. मांजरी गावच्या विहिरीत लहानपणी तरंगायचा तसाच, उताणा, कान पाण्याखाली. वर आभाळाच्या जागी दवाखान्याचा पंखा फिरत होता, एवढाच काय तो फरक.

उसाच्या ट्रॉलीवरून तो डोक्यावर पडला होता. मानेतला मणका सरकला आणि आत मज्जारज्जू दबला. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून दाब काढला, मणके प्लेट आणि स्क्रूनं बांधले. पण अंग परत येईल की नाही, ते कुणीच सांगत नव्हतं. खांद्यापर्यंत दत्तोबा होता; त्यापुढे नुसतं पाणी.

सकाळी डॉक्टर पद्मजा आल्या. "डोळे मिटा. तळपायाला टोचते. कळलं की सांगा."

"कळतंय की," दत्तोबा लगेच म्हणाला.

"अहो, टाचणी अजून माझ्या खिशात आहे."

थाप मारायची तर माणसानं निदान टोचेपर्यंत तरी थांबावं. पण दाराशी आई, बायडाबाई, उभी होती, तिच्यासाठी त्याला घाई झाली होती. तिनं तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे टिपले.

दुपारी गोळ्यांची गुंगी चढली आणि पाणी पुन्हा आलं. पोरगा झोपलाय असं समजून बायडाबाई आवाज न करता पायथ्याशी गेली. घसरलेली चादर सारखी करायला वाकली. वाकली ती तशीच राहिली, त्याच्या तळव्यावर कपाळ टेकून. फार थकली होती बिचारी.

खोल पाण्यात दत्तोबाच्या पायाला काहीतरी ऊन ऊन लागलं. म्हणजे या पाण्याला तळ होता.

त्याच्या मानेला पट्टा होता, डोळे मिटलेले होते. पायथ्याशी कोण आहे, आहे की नाही, हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

"कुनाला तरी पाय लागला वाटतं," तो झोपेतच पुटपुटला. "चुकलं हां." नमस्काराला त्यानं हात उचलू पाहिला. हात काही आला नाही.

बायडाबाई जागच्या जागी थिजली. घरात चुकून कुणाचा पाय लागला, तर पाया पडल्याशिवाय ती त्याला पुढं जाऊ देत नसे. आता तिनं लेकाची टाच दोन्ही हातांत धरली आणि तळवा आपल्या गालाला लावला.

"परत लाव," ती म्हणाली. "परत लाव की रं, बाबा."