वर घ्या

तेगुसिगाल्पा विमानतळाजवळच्या टेकडीला वळसा घालून विमान खाली येत होतं. लख्ख ऊन होतं, धावपट्टी समोर स्वच्छ दिसत होती, तरी ते तिच्या डावीकडे सरकत चाललं होतं.

"कॅप्टन, वर घ्या," सहवैमानिक नोएलिया म्हणाली. सेवाज्येष्ठतेने कॅप्टन होण्याची पाळी आता तिचीच होती. पण कॅप्टन सूनिगांचा शेरा वाईट पडला असता, तर सगळं फिसकटलं असतं.

"माझ्या खुर्चीची एवढी घाई झालीय?" ते हसले.

"कॅप्टन, वर घ्या!"

त्यांनी विमान तसंच खाली नेलं. दोनदा सांगूनही ऐकलं नाही, तर सहवैमानिकाने ताबा घ्यायचा, असा नियम. तिने घेतला. विमान पुन्हा वर चढलं.

"परीक्षा घेत होतात ना माझी?" तिने धपापत विचारलं.

"परीक्षा कसली, पोरी? मला धावपट्टी दिसतच नव्हती. आता तूच उतरव."