रोमन बाटलीचं गिऱ्हाईक

वकिलांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, ‘वा!’ म्हटलं आणि चहाचा शेवटचा घोट घेतला. दुकानदाराने मनातल्या मनात त्यांच्यावर काट मारली.

जुन्या वस्तूंच्या धंद्यात केस पिकवून त्याने एकच नियम काढला होता. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, चहा मागवायचा आणि कपावर नजर ठेवायची. ज्याचा चहा संपला, तो नुसता बघायला आलेला. ज्याचा गार झाला, तो घ्यायला आलेला. तोंडाने माणूस काय वाटेल ते बोलतो, साय धरलेला कप थापा मारत नाही.

आज दोघं आले होते. वकील, आणि दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई. बायकोने वरून तीन कप आणून ठेवले होते. तिसरा दुकानदाराचा. पाहुण्यांना एकटं प्यायला लावू नये, एवढी रीत तो सांभाळत असे.

बाटली वीतभरही नव्हती. फिकट हिरवी, लांब मानेची, उभी केली की जरा एका बाजूला कलणारी. रोमन काळातल्या कुणा कारागिराने नळीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन ती फुंकली होती. पुढे शतकानुशतकं मातीत पडून तिच्या अंगावर मोरपंखी झाक चढली. मानेजवळ काचेत एक बुडबुडा अडकला होता. ‘त्या कारागिराचा उरलेला श्वास,’ असं दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे, आणि सांगताना दरवेळी त्याचा आवाज खाली येई.

दुकानात आता तेवढीच उरली होती. फळ्यांवर गेलेल्या वस्तूंच्या जागा धुळीत गोल-चौकोनी उमटल्या होत्या. दुकान खाली, राहणं वर आणि मधे उभा लाकडी जिना. त्या जिन्याने बायकोचे गुडघे खाल्ले होते. मुलीच्या गावी तळमजल्यावरची खोली रंगवून तयार होती. ‘शेवटची वस्तू गेली की कुलूप,’ असा शब्द दुकानदाराने दिला होता. बाकी सगळं भराभर गेलं. बाटलीपाशी मात्र गाडी अडली. एकाची बोटं जाड, दुसऱ्याच्या घरी मांजर, तिसऱ्याचं हसणंच मोठं. मघाशी कप ठेवताना बायको त्याच्या कानाशी पुटपुटली होती, “पोटच्या पोरीला एवढी स्थळं नाकारली नव्हतीत तुम्ही.”

“भावात काही कमी-जास्त?” वकिलांनी विचारलं.

“तुमच्या फीमध्ये होतं का साहेब?”

वकील मोकळेपणाने हसले, चहाची तारीफ केली आणि छत्री उचलून गेले.

डॉक्टरबाईंनी बाटली दोन्ही तळव्यांत धरली, बुडबुडा उजेडाकडे वळवला आणि तशाच बसून राहिल्या. त्यांच्या कपावर साय धरली. दुकानदाराला ती दिसली. त्याने नजर खिडकीकडे वळवली.

“घेते मी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगाल तो भाव.”

हे वाक्य ऐकायला माणूस दुकान टाकतो. दुकानदाराने बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली, फडक्याने उगाचच पुसली आणि म्हणाला, “विचार करून कळवतो.”

“अहो, विचार मी करायचा असतो ना?” बाई हसल्या. फोन नंबर लिहून दिला, संध्याकाळपर्यंत वाट बघते म्हणाल्या आणि गेल्या.

बायको जिन्यावरून आली. एक पायरी, कठड्याला हात, मग दुसरी पायरी. तिने वकिलांचा रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला. मग डॉक्टरबाईंचा उचलून बघितला.

“भरलेला आहे हो! झाला ना सौदा?”

“भावच केला नाही त्यांनी,” दुकानदार म्हणाला. “भाव न करणाऱ्याला वस्तूची किंमत नसते.”

“आणि वकिलांनी केला, त्यांचं काय?”

“भाव करणाऱ्याला वस्तू कळलेलीच नसते.”

“बाईंचा चहा गार झालाय, तो?”

“दातांच्या डॉक्टर त्या. साखरेला भीत असतील.”

बायकोने तिसऱ्या कपाकडे हात नेला, पण तो ट्रेमध्ये न ठेवता त्याच्यासमोर, बाटलीच्या शेजारी ठेवला. कप काठोकाठ भरलेला होता. वर जाड साय, कडेने तपकिरी वर्तुळ.

“हा कुणाचा?”

दुकानदार कपाकडे बघत राहिला. मग बाटलीकडे. मग पुन्हा कपाकडे.

“माझा,” तो म्हणाला.

“बाटली आल्यापासून दर गिऱ्हाइकाच्या वेळी हा असाच परत येतो. वर नेऊन मोरीत ओतते मी. म्हटलं, एवढे दुसऱ्यांचे कप बघताय, कधीतरी स्वतःचाही बघाल.”

तिने खांद्यावरची शाल काढली, टेबलावर पसरली आणि बाटली तिच्यात मधोमध आडवी ठेवली. मान सांभाळत एकेक घडी घातली.

“हे काय करतेस?”

“सामान बांधतेय. डॉक्टरबाईंना फोन लावा. म्हणावं, बाटली गेली.”

“कुणाला म्हणून सांगू? आणि केवढ्याला?”

“घरच्या गिऱ्हाइकाशी कसला भाव करायचा!” तिने शालीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. “आणि वर येताना कुलूप शोधून आणा.”