नारळ संपेपर्यंत

नॉटिंगहॅमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आफ्रिकेतून आलेल्या घरांमधल्या वस्तूंचं प्रदर्शन मांडताना ईशितानं झांझिबारच्या आजेसासू बीबींची पाटाची खोवणी काचेच्या पेटीत ठेवून पाटी लावली: ‘हात लावू नये.’ बीबी आल्या आणि भडकल्याच. “हिला कोंडलंस कशाला?” “अहो बीबी, तुमच्या आईची वस्तू! जपायला नको?” “आईनं कुठे जपली? रोज वापरली.” पेटीतून खोवणी बाहेर काढून बीबी तिच्यावर ऐसपैस बसल्या आणि पिशवीतून नारळाची वाटी काढून खोवता खोवता आईची गोष्ट सांगू लागल्या. घरचा रिवाजच तसा: नारळ खोवणाऱ्यानं गोष्ट सांगायची, ऐकणाऱ्यानं खोबरं खायचं. पोरं भोवती जमली, हात पुढे झाले. आईचं गलबत ऐन वादळात सापडलं आणि बीबी थांबल्या. “मग पुढे?” पोरं ओरडली. “नारळ संपला!” बीबींनी करवंटी उपडी केली. संध्याकाळी ईशितानं पाटी बदलली: ‘येताना नारळ आणावा.’