घरात किती माणसं

“घरात किती माणसं?” कारकुनाने विचारलं.

“मी आणि सून.” रंगारणीने दार अर्धंच उघडलं होतं.

राज्यात माणसं मोजायची ही पहिलीच वेळ. कागदावर नाव चढलं की तरण्या पोरांना फौजेत ओढून नेणार, अशी आवई उठली होती. सकाळपासून कारकुनाला म्हातारीकोतारी आणि लेकीबाळीच भेटत होत्या. शहरातले तरुण जणू वाऱ्यावर उडून गेले होते.

आत, रंगाच्या पिंपात कुणीतरी शिंकलं.

“मांजर,” रंगारीण म्हणाली.

“मांजरं मोजायचा हुकूम नाही मला.”

सुनेला हसू फुटलं. सासूने डोळे वटारले.

कारकून उंबऱ्यावरच टेकला. दिवसभर दारं ठोठावून त्याचे पाय भरून आले होते. “मावशी, विहिरी किती खणायच्या, दवाखाना कुठे काढायचा, हे सरकारला कळायला नको? उद्या नातवंडाला लस टोचायला कुणी आलं नाही, तर बोल कुणाला लावाल?”

सुनेचा हात नकळत पोटावर गेला.

“आणि फौज?” रंगारणीने हळूच विचारलं.

“कुणी कुणाला नेत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने नजर चुकवली नाही.

“ये रे बाहेर,” तिने हाक मारली.

पोरगा पिंपातून निघाला तो गळ्यापर्यंत निळा. मग मात्र सगळेच हसले. कारकुनाने त्याचं नाव, वय, धंदा लिहून घेतला. रंगारणीचा जीव भांड्यात पडला. “गणती म्हटल्यापासून घास गोड लागला नव्हता, बाबा,” म्हणत तिने कारकुनाला पाणी दिलं, आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, “काढ गं तुझ्या पोरांना बाहेर. माणूस देवासारखा आहे.”

बघता बघता गल्ली भरली. कुणी कोठीतून आला, कुणी सरपणामागून. जो तो हसत नाव सांगत होता. दिवे लागायच्या आत कारकुनाचं काम उरकलं.

घरी आल्यावर त्याने पाय धुतले. आई दारातच उभी होती.

“झालं का रे?”

“झालं. सुटलो एकदाचा.”

“आणि आपल्या घरची किती लिहिलीस?”

“तिघं. तू, बाबा आणि मी. धाकट्याला म्हणावं, फौजेची माणसं येऊन जाईपर्यंत माळ्यावरून खाली उतरू नकोस.”