मालनचा ड्रम

मालनच्या पडवीत पत्र्याचा ड्रम घरघर फिरत होता. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर तिनं स्वतःच त्याला जोडली होती. आत पोलादी गोळ्या, रिठ्याचं पाणी आणि पॉलिशला आलेला पितळी नोझलांचा घाणा होता.

तिच्या जुन्या कारखान्याचा फोरमन पायरीशी येऊन उभा राहिला. प्रेसखाली तिची दोन बोटं गेली, तेव्हा यानंच तिला कामावरून काढून घरी पाठवलं होतं. आज मात्र तो गोड बोलत होता.

"शेठनी परत बोलावलंय. कायमची नोकरी देतायत. फक्त हा ड्रम बंद करायचा. आमची गिऱ्हाइकं तुझ्याकडे वळायला लागलीत."

"हो म्हण गं, मालन," आतून सासूबाई म्हणाल्या.

क्षणभर मालनचंही मन डळमळलं. तिनं ड्रम थांबवला. फोरमनला हसू फुटलं. तिनं झाकण उघडून मूठभर नोझलं काढली आणि उजेडात निरखली. एकाही कडेला खरखर उरली नव्हती.

"शेठना सांगा, त्यांचा मालही पॉलिश करून देईन," ती म्हणाली. "पण आधी दोघांचा आलाय. शेठचा नंबर तिसरा."

आणि तयार माल बाहेर काढून, नवा घाणा आत ओतून तिनं बटण दाबलं.