घरच्या भिंतीवरचा नेपच्यून

ऑपरेशननंतर डोळ्यांवरची पट्टी निघाली आणि घरी आल्या आल्या काकूंनी भिंतीवरचा नेपच्यूनचा फोटो पाहिला.

नेपच्यून शाईत बुचकळून काढल्यासारखा दिसत होता. शेजारचा शनी तर गारठून निळा पडलेला. शनी पिवळसर असतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. इतकी वर्षं मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं पिवळट दिसत होतं, आणि त्यावर उतारा म्हणून काकू फोटोंत निळा रंग ओतत राहिल्या होत्या.

दोघांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. काका फोटो काढायचे, काकू कृष्णधवल फोटोंत बारीक कुंचल्याने रंग भरायच्या. काकांना जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक कळत नसे. पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा एका पायात लाल मोजा होता, दुसऱ्यात हिरवा. हसू आवरता आवरता काकूंनी होकार देऊन टाकला. "फोटो मी काढतो, रंग तू सांभाळ," काका म्हणाले होते. ते दिवस आठवले की काकूंना अजून रंगांच्या बाटल्यांचा वास येई.

स्टुडिओ बंद झाला आणि काकांना नवा नाद लागला. अंतराळयानांनी पाठवलेले दूरच्या ग्रहांचे कच्चे फोटो कुणालाही फुकट मिळतात. तेही कृष्णधवलच, लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून टिपलेले. तिन्ही एकावर एक बसवले की रंगीत ग्रह तयार. काका आकडे बघून ते बसवायचे, रंग काकू सांगायच्या. "निळा वाढवा. अजून थोडा." मग काका म्हणत, "बास. तू चहा टाक, तोवर मी पाठवून देतो." जगभरच्या हौशी मंडळींत त्यांच्या रंगांचं नाव झालं होतं.

आणि आज संध्याकाळी वाचनालयात त्यांच्या बारा फोटोंचं प्रदर्शन उघडणार होतं. खगोलशास्त्राचे दोन प्राध्यापकही यायचे होते.

"कसं दिसतंय आता?" काकांनी विचारलं.

"छान."

"रंग बरोबर आहेत ना गं?"

"तुम्हाला काय करायचंय रंगांशी? जा, आवरा बघू."

काकूंना रडू येत होतं. आपल्या भरवशावर राहून हा माणूस चारचौघांत तोंडघशी पडणार. सांगावं तर याचा आयुष्यभराचा विश्वास जातो, न सांगावं तर अब्रू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, आधी जाऊन सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायचा. काका इस्त्रीचा शर्ट शोधत होते तेवढ्यात त्या एकट्याच निघाल्या.

वाचनालयात फोटो छापणारी बाई शेवटची चौकट सरळ करत होती.

"प्राध्यापक आले की मला आधी बोलायचंय," काकू धापा टाकत म्हणाल्या. "रंगांची चूक माझी आहे, ह्यांची नाही."

मग त्यांनी वर पाहिलं. शनी सायीसारखा पिवळसर होता. नेपच्यून फिकट निळा, किंचित हिरवट झाक असलेला. बाराच्या बारा फोटो जिथल्या तिथे.

"चूक कसली? प्राध्यापक मघाशीच बघून गेले. बोट ठेवायला जागा नाही म्हणाले." बाईने हातोडी पिशवीत टाकली. "बरं झालं तुम्ही भेटलात, काकू. काकांना तेवढं विचारून ठेवा ना. आता तुमचं ऑपरेशन झालंय, तर घरच्या भिंतीसाठी ती वेगळी निळी प्रत ह्यापुढे छापायची की नको?"