दुपारची गर्दी

आता सकाळी ऑफिसच्या वेळीही तो चौक मोकळाच असायचा. करोना ओसरला तरी अर्धी मनिला घरूनच काम करत होती. पूर्वी इथल्या खोळंब्यात इसिद्रोची बायको खिडकीतून फुलवालीशी हुज्जत घालून मोगऱ्याची माळ घ्यायची, गाडीतल्या आरशाला अडकवायची. शेवटची माळ वाळून तिथंच लटकत होती. हल्ली गाड्या दुपारी तुंबतात हे कळल्यावर तो काही काम नसताना निघाला. गाडी अडली तशी फुलवाली धावत आली. “काका, होतात कुठं? आणि काकू? त्यांच्याशी भांडल्याशिवाय माळ विकायला मजा नाही बघा!” वर्षभरात त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं, बायको करोनात गेली हे बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. “घरी आहे,” तो म्हणाला, “स्वयंपाक करतेय.” “मग उद्या आणा त्यांना!” सिग्नल हिरवा झाला. पुढच्या वळणावरून त्यानं गाडी फिरवली आणि पुन्हा त्याच गर्दीत घातली.